शनिवारचा ओव्हरटाइम

धुवायला घेतलेल्या नवऱ्याच्या, सोपानच्या, शर्टाच्या खिशातून लोणावळ्याचं रिटर्न तिकीट निघालं. हिराने ते कोरड्या जागी ठेवलं, हात पुसले आणि तारीख पुन्हा वाचली. शनिवार.

शनिवारी सोपान देहूरोडच्या डेपोत ओव्हरटाइमला असायचा. निदान घरात तसं सांगायचा. कामशेतहून देहूरोड पुण्याच्या बाजूला आणि लोणावळा बरोब्बर उलट्या बाजूला. झोपेतसुद्धा माणूस इतकी चुकीची गाडी पकडत नाही.

"ओव्हरटाइम कुटं असतो वो तुमचा?" जेवताना तिने विचारलं.

"डेपोत. अजून कुटं असणार?" त्याने ताटातून मान वर केली नाही.

लोणावळ्याला जाऊन आला आणि पोरीसाठी चिक्कीचं पाकीटसुद्धा आणलं नाही.

मग तिला एकेक आठवायला लागलं. महिन्यापूर्वी त्याने आतल्या खोलीच्या दाराला नवी कडी बसवली. छकुलीला आजीजवळ झोपायची सवय लावली. खाट भिंतीपासून ओढून मधे घेतली, कारण भिंतीपलीकडे सारजाबाई, म्हणजे त्याची आई, झोपायची आणि खाट करकरली की खोकायची. अकरा वर्षं खोकत होती, तेव्हा याला काही सुचलं नव्हतं.

आणि तो विचारायला लागला होता. हळूच, चोरट्यासारखा. "असं बरं वाटतंय का? थांबू का?"

सोपान मुळात विचारणारा माणूस नव्हता. हे त्याला कुणीतरी शिकवलं होतं.

हिराला त्या सगळ्यातून कधी काही मिळालं नव्हतं. बाकीच्या बायका हळदीकुंकवाला तोंडावर पदर धरून हसायच्या, तीही हसायची, पण कशाला हसतात ते तिला ठाऊक नव्हतं. आपल्यातच काहीतरी कमी आहे, असं तिने धरून टाकलं होतं. नवऱ्याला वाईट वाटू नये म्हणून ती वेळेवर उसासे टाकायची. अकरा वर्षांत त्यात इतकी तरबेज झाली होती, की सोपानला कधी शंकासुद्धा आली नाही. एवढी एक गोष्ट तिला नीट जमली होती.

रविवारी दुपारी सारजाबाई छकुलीला घेऊन औंढ्याला लेकीकडे गेली. सोपानने कडी लावली. त्याला कसलीच घाई नव्हती. आणि त्या दुपारी, आयुष्यात पहिल्यांदा, हिराला आत काहीतरी जागं झाल्यासारखं वाटलं. ती स्वतःच दचकली.

तेवढ्यात तिला ती बाई दिसली. तोंड नसलेली, लोणावळ्याची. हा हात असा ठेवायचा हे तिने शिकवलं असणार. आधी तिच्या अंगावर गिरवलं असणार, मग माझ्यावर. हिरा एकदम गार पडली. मत्सराने तिचं डोकं ठणकत होतं. तिने नेहमीचे उसासे टाकले आणि प्रकरण संपवलं.

सोपान थोडा वेळ पंख्याकडे बघत पडला. मग उठून त्याने तिला पाणी आणून दिलं.

गुरुवारी तिने त्याला फळीपाशी पकडलं. दोन वर्षांमागे तिचा जीव सारखा घाबरा व्हायचा, तेव्हापासून ती रोज एक गोळी घ्यायची. त्या गोळ्यांच्या पाकिटाचा तो मोबाईलवर फोटो काढत होता.

"कशाला वो फोटो?"

"संपत आल्यात. दुकानात दाखवाया."

पाकीट जवळजवळ भरलेलं होतं. बायको गोळ्यांवर आहे हे त्या बयेला दाखवायचं असणार. म्हणजे वाट मोकळी.

शनिवारी हिरा सोपानच्या मागोमाग त्याच गाडीला बायकांच्या डब्यात चढली. पदर डोक्यावरून पुढे ओढलेला. लोणावळ्याला तो उतरला आणि बाजार ओलांडून एका इमारतीचा जिना चढला. वर दवाखान्याची पाटी होती, स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंची. बाईच्या दवाखान्यात पुरुष कशाला येतो? दिवस गेले होते तर सटवीला!

ती वर गेली तेव्हा आतला दरवाजा लागत होता आणि सोपानची पाठ दिसली. बाहेर टेबलामागे एक मुलगी बसली होती. गळ्यातल्या ओळखपत्रावर नाव होतं, पायल.

"आता आत गेले त्यांची पेशंट कोन हाय?" हिराचा आवाज चिरकला. "कुटं हाय ती?"

"मावशी, दुसऱ्या पेशंटची माहिती देता येत नाही."

"मी बायको हाय त्यांची! मला बगू दे तिचं तोंड!"

पायलने तिच्याकडे नीट पाहिलं. मग तिचा आवाजच बदलला. "तुम्ही हिराताई का? कामशेतच्या?"

"तुला कुनी सांगितलं?"

"बरं झालं आलात. डॉक्टर त्यांना दर वेळी सांगतात, पेशंटला घेऊन या, नुसत्या ऐकीव गोष्टीवर किती दिवस चालणार." तिने आत पाठवायला काढलेला केसपेपर पुढे सरकवला.

वर हिराचं नाव होतं. वय तेहेतीस, बरोबर होतं. खाली सहा शनिवारच्या तारखा, आणि शेवटी लिहिलेलं: रोजच्या गोळीचाही परिणाम असू शकेल, पाकिटाचा फोटो आणायला सांगितला, पेशंट आल्यावर बदलून पाहू.

हिराची नजर पुन्हा वर गेली. तक्रारीच्या रकान्यात डॉक्टरबाईंनी सोपानचेच शब्द जसेच्या तसे उतरवून घेतले होते: "तिला कायबी होत न्हाई. मला बरं वाटावं म्हून उसासे टाकती. मला कळतं हे तिला सांगू नका, लाजंल. मला शिकवा."