मामावर गेलेला

"ह्यांच्याकडचंच असणार," आई म्हणाली. "रात्रभर लघवीला उठबस चालू असते ह्यांची. माझ्या डोळ्याला डोळा नाही."

डॉक्टरीणबाई रिपोर्ट वाचत राहिल्या. मुलगा पलीकडच्या खोलीत स्कॅनच्या टेबलावर होता. प्रोस्टेटचा कॅन्सर, तोही पन्नाशीच्या आत, हाडांत उतरलेला. मुलाच्या रक्तात आनुवंशिक दोष सापडला होता. तो कुणाकडून आला हे बघायला बाईंनी म्हाताऱ्या आईबापांचंही रक्त घेतलं होतं.

बाबा टेलर. बुटके, जाड बोटांचे. मुलाला त्यांचं काहीच आलं नव्हतं. बाळ हातात आलं तेव्हाच आईनं जाहीर केलं होतं, "माझ्या भावावर गेलाय." मग उंची मामाची, नाक मामाचं, आवाज मामाचा. मामा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. मुलानं ब्रश हातात धरला तेव्हा आईला आभाळ ठेंगणं झालं.

"आणि माझं काय?" बाबा विचारायचे.

"आडनाव. तेही लांबलचक, पाटीवर मावत नाही."

सगळे हसायचे. बाबाही हसायचे.

मुलाची कंबर दुखायला लागली, तेव्हाही आई कौतुकानंच म्हणाली होती, "शिडीवरचं काम. मामाचीही धरायची."

"मामा कशानं गेले?" बाईंनी विचारलं.

"कंबरेनंच. शेवटी अंथरुणाला खिळला. तेल चोळून चोळून आमचे हात दुखायचे."

बाईंनी चष्मा काढला. "ह्या आजोबांची प्रोस्टेट ग्रंथी वयामुळे वाढलीय, एवढंच. त्यांच्या रक्तात तो दोष नाही. तुमच्यात आहे, आजी. बहुधा तुमच्या भावातही असावा. बायकांना ही ग्रंथी नसते, म्हणून तुम्हाला कळलं नाही. तुमच्याकडून तो पुढे गेला."

आईनं मांडीवरची पिशवी घट्ट धरली. काय चोळत होतो आपण, तिच्या मनात आलं, आणि तिथंच थांबलं.

दार उघडलं. मुलगा काठी टेकत आत आला. शर्टाच्या गुंड्या वरखाली लागलेल्या.

"मग? कुणाची कृपा म्हणायची?"

आईनं तोंड उघडलं.

"माझी," बाबा म्हणाले.

बाई काही सांगायला गेल्या. म्हाताऱ्यानं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. त्या थांबल्या. आईनं मान खाली घातली. आयुष्यभर मुलाचं सगळं स्वतःच्या माहेरी ओढणारी ती या वेळी काही बोलली नाही.

बाबा उठले आणि मुलाच्या गुंड्या सोडून नीट लावायला लागले. मुलानं त्यांचा हात झटकला.

"वा, बाबा," तो म्हणाला. "शेवटी तुमच्यावरच गेलो तर."