मास्तरांचा वीर

"मान तशीच ठेवा, कुंभोजे!" गुरवमास्तरांनी दटावलं. ग्रंथपाल कुंभोजे तीन तास हलले नव्हते. अद्भुत कादंबऱ्यांच्या मुखपृष्ठांवर मास्तरांनी रंगवलेले तलवारबहाद्दर न्याहाळण्यात त्यांची निम्मी हयात गेली होती. त्याच मास्तरांनी "तुमचा चेहरा हवाय" म्हटल्यावर त्यांनी सासुरवाडीलाही कळवून टाकलं होतं, की आपण वीर होणार.

अखेर मास्तरांनी चित्र फिरवलं. वीर देखणा, पण अनोळखी होता. त्याच्या टाचेखालचा राक्षस मात्र हुबेहूब कुंभोजे!

"मास्तर, मला वाटलं..."

"वीर काय, मनातूनही निघतो हो. राक्षसाला जिवंत माणूस लागतो."

संतापून कुंभोजे उठले. पण राक्षसाच्या डोळ्यांतली तगमग इतकी खरी उतरली होती, की त्यांचे पाय तिथेच खिळले.

"ही कादंबरीमालिका बारा भागांची आहे," मास्तर म्हणाले. "राक्षस बाराव्यात मरतो."

"उद्या किती वाजता येऊ?" कुंभोजेंनी विचारलं.