कणगीतल्या चांदण्या

भात झोडून झालं होतं. ते नव्या कणगीत भरायचं की नाही, हे सासूबाई ठरवणार होत्या. सुगंधाने आयुष्यात पहिल्यांदाच कणगी विणली होती, शेणमातीने लिंपून अंगणात वाळवलीही होती.

"दिसते बरी," सासूबाई म्हणाल्या. "पण उंदरांना वाटा ठेवल्या नसशील कशावरून?"

सुगंधाने चार वर्षांच्या लेकीला, जुईला, कणगीत उतरवलं आणि वरून गोणपाट टाकलं. "काय दिसतं गं आतून?"

"चांदण्या. खूप खूप."

सुगंधाचा चेहरा उतरला. जितक्या चांदण्या, तितकी भोकं. आज काही भात भरता येणार नव्हतं. ती माती कालवायला बसली.

सासूबाईंनी पदर खोचला, गोणपाटाखाली डोकं घातलं, आणि बराच वेळ ते बाहेर काढलंच नाही.

"खरंच की गं," आतून आवाज आला. "सूनबाई, माती राहू दे जरा. आधी तूही बघून घे."