एकशे दहा अंश

बेअरिंग तापत होतं आणि फिटर थर्मामीटरकडे ढुंकूनही बघत नव्हता.

विजेच्या शेगडीवर जाड तवा, तव्यावर पंजाएवढं पोलादी कडं, आणि कड्याला चिकटवलेला थर्मामीटर. सकाळी जुनं बेअरिंग फुटलं आणि शहराला पाणी चढवणारा पंप बंद पडला. स्टोअरमध्ये नवं एकच होतं. थंड असताना ते शाफ्टवर, म्हणजे पंपाच्या फिरत्या दांड्यावर, चढत नाही, केसभर लहान पडतं. तापलं की फुगतं. तेवढ्यात सरकवायचं, मग निवता निवता ते शाफ्टला घट्ट आवळून बसतं. कमी तापलं तर अर्ध्यातच अडकणार. जास्त तापलं तर पोलाद मऊ पडणार, म्हणजे गेलंच वाया.

इंजिनिअर दारापासून शेगडीपर्यंत येरझारा घालत होती. तीन महिन्यांपूर्वी तिची बदली इथे झाली होती आणि ती फिटरची सख्खी मुलगी होती. फोन तिसऱ्यांदा वाजला. दवाखान्याच्या टाकीत दोन तासांचं पाणी उरलं होतं.

"बाबा, काटा बघत राहा ना."

"काटा कशाला, मॅडम? पाण्याचा थेंब टाकायचा. चुरचुरला की उचलायचं." शेजारी उभे असलेले दोन्ही हेल्पर हसले.

"थेंब शंभरला चुरचुरतो आणि दोनशेलाही चुरचुरतो. किती तापलंय ते थेंब सांगत नाही. आणि नव्या बेअरिंगवर पाणी टाकायचं नाही."

"तू जन्मायच्या आधीपासून बेअरिंगं चढवतोय मी."

"हो, पण आत्ता किती झालंय? सांगा."

फिटर वाकला. नाक जवळजवळ तव्याला टेकेल इतका वाकला. मग झटकन उभा राहिला आणि हातमोजे चढवू लागला.

"एकशे दहा. झालं. सरका बाजूला."

तिने डायलकडे पाहिलं. काट्याने नुकतेच ऐंशी ओलांडले होते.

हेल्पर बघत होते. फिटरचे हात कड्याच्या दिशेने निघाले होते.

"थांबा!" ती म्हणाली. मग घसा खाकरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आजपासून तापमान मोठ्याने वाचायचं आणि एकशे दहाला उचलायचं. नवा नियम आहे. मी वाचते."

फिटर जागीच थबकला. डावा हातमोजा काढून त्याने शाफ्टचं टोक चाचपलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि मोजा पुन्हा चढवला.

"ब्याऐंशी," ती वाचत होती. "नव्वद... शंभर." "एकशे पाच. एकशे आठ. एकशे दहा!"

त्याने कडं उचललं, शाफ्टच्या टोकाला टेकवलं आणि एका दमात आत ढकललं. ते थेट शाफ्टच्या खांद्यापर्यंत, दांडा जाड होतो तिथवर, जाऊन थडकलं. दोन्ही हातांनी त्याने ते तसंच दाबून धरलं. कोणी हललं नाही. थोड्या वेळाने एका हेल्परने कपडा धरून बाहेरचं कडं फिरवून पाहिलं. आतलं कडं शाफ्टवर जाम बसलं होतं.

"दीड तासात आम्ही पाणी सोडतो," ती फोनवर म्हणाली आणि भिंतीला टेकली.

"नियम झकास काढलात, मॅडम," एक हेल्पर म्हणाला.

तिने शेगडी बंद केली. विषय तिथेच मिटला असता. फिटरच्या निवृत्तीला आठ महिने होते, तेवढे तिने निभावून नेले असते. फिटरने हातमोजे काढले, एकात एक घातले आणि हेल्परांकडे वळला.

"नियम कसला रे? वर्ष झालं, मला तो काटा दिसतच नाही," तो म्हणाला. मग मुलीकडे मान वळवून म्हणाला, "उद्या रजा टाक. मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने."