साठ किलोंची जागा

"साठ किलो उरलेत, दादा," सहवैमानिक मरेवेया प्रवाशांच्या वजनांचा कागद बघत म्हणाली. "आई बसल्या की विमान भरलं."

कामोरितीने नुसती मान डोलावली. झावळ्यांच्या शेडमध्ये, बाकावर त्याची आई तेरेंगा ठेवणीतला झगा घालून सकाळपासून बसली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. राजधानी तारावाच्या दवाखान्यात परदेशातून डोळ्यांचे डॉक्टर आले होते. ते शनिवारी परत जाणार, मग थेट पुढच्या वर्षी येणार. आज गुरुवार होता, आणि या बेटावर विमान आठवड्यातून एकदाच येई.

नऊ दिवस तो सलग उडत होता. अंग आंबून गेलं होतं. तारावाच्या घरात सोळा नातेवाईक, त्यामुळे रात्री जिथे पाय पसरता येतील तिथे वैमानिकसाहेब झोपत. तो वैमानिक झाला तेव्हा गावाने जेवण घातलं होतं, आणि तेव्हापासून गाव मागतच होतं. गॉगल मामेभावाने मागितला, बूट मेहुण्याने. आज तो रबरी चपला घालून विमान चालवत होता. आपल्या माणसाने तोंडावर बुबुती केली, म्हणजे काही मागितलं, की नाही म्हणायची सोयच नाही.

म्हणून त्याला प्रवाशांना तोलायचा शेडमधला वजनकाटा फार आवडायचा. सगळ्या बेटावर नाही म्हणू शकणारा तो एकटाच होता.

काखेत चटईची गुंडाळी घेऊन बौरोकाका आले. त्याच्या वडिलांचे चुलतभाऊ.

"कामोरिती, उद्या तारावाला नातवाचा पहिला वाढदिवस आहे. डुक्कर कापणार, सगळं गाव जेवणार, आणि आजोबाच नाही, हे बरं दिसतं का? मी तुझ्याकडे जागा मागतोय."

"काका, वजन भरलं."

"मी काट्याकडे मागत नाहीये, बाबा. तुझ्याकडे मागतोय." आणि कुणी न सांगताच ते काट्यावर चढले. अठ्ठावन्न.

"सांगा ना, ती जागा आईंची आहे म्हणून," मरेवेया हळूच म्हणाली.

"ते काय आंधळे आहेत? समोर तर बसलीय ती." बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

शेडमधली माणसं कान टवकारून ऐकत होती. नाही म्हटलं, तर संध्याकाळी सभाघरात तेच चघळलं जाणार. तेरेंगाचा पोरगा शेफारला म्हणतील. आईला याच माणसांत राहायचं होतं. आणि भांडायला लागतं तेवढं त्राण आज त्याच्यात उरलं नव्हतं.

"बसा, काका."

काका खुशीत विमानाकडे निघाले. तो आईसमोर उकिडवा बसला.

"आई, पुढच्या वर्षी नक्की. तुझ्यासाठीच केलं गं. लोकांनी तुला नावं ठेवली असती."

"माझ्यासाठी?" ती त्याच्या आवाजाच्या दिशेने वळली. "जागा माझी होती. त्याने तुझ्याकडे मागितली, तशी तू माझ्याकडे मागायची होतीस. मी नाही म्हटलं असतं का रे? पण तुला विचारावंसंसुद्धा वाटलं नाही."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला घरी सोडावं म्हणून त्याने तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला.

"जा. तुझी माणसं खोळंबलीत."

तो विमानात जाऊन बसला. गाव धावपट्टीच्या पलीकडे होतं. आई पिशवी सावरत एकटीच धावपट्टीवर उतरली. कुणीतरी मदतीला धावलं, त्याला तिने हातानेच परत पाठवलं. मधोमध पोचल्यावर ती थांबली. एक पाऊल पुढे टाकून चाचपलं, मग डावीकडे चाचपलं. सगळीकडे तीच पांढरी खडी.

"दादा, उशीर होतोय," मरेवेया म्हणाली. "इंजिन चालू करू?"

"थांब," कामोरिती म्हणाला. "तिला अजून धावपट्टीची कड सापडलेली नाही."