ताईच्या बाळंतपणाची खोली

ताईच्या बाळंतपणासाठी हॉस्पिटल बघायला आम्ही अख्खं घर गेलो आणि तिथली खोली बघून माझी तर विकेटच पडली! गुलाबी भिंत, फुग्यांची कमान, शिवाय फोटो काढायला खास झुला! "भेटायला येणाऱ्यांची काय मस्त सोय आहे हो," असं म्हणत आत्या सोफ्यावर ऐसपैस बसली, तोवर तिच्या शेजारी बसून भावजींनी मोबाइलला वाय-फाय जोडून मॅचसुद्धा लावली. बाबा तर गाडी सावलीत लागली यावरच खूश होते.

सोफ्यावर जागा न उरल्यामुळे ताई उभीच होती. तिने खोली दाखवायला आलेल्या रिसेप्शनिस्टला विचारलं, "ऐनवेळी काही अडचण आली, तर ऑपरेशनची सोय आहे ना इथे?"

"असं अभद्र काय बोलतेस गं!" आत्या करवादली.

"काळजीच करू नका मॅडम," रिसेप्शनिस्ट गोड हसली. "आमची ॲम्ब्युलन्स दारातच उभी असते. लगेच मोठ्या हॉस्पिटलात पोचवतो."

"बघ! किती विचार केलाय यांनी," बाबा म्हणाले.

ताईने पर्स उचलली. "मग मी सरळ तिकडेच जाते. तुम्ही सगळे इथे ॲडमिट व्हा. खोली खरंच छान आहे."