सहाव्या पायरीवरचा माणूस

रडण्याचा आवाज आला तसा दंतवैद्याने एक डोळा किलकिला केला. लाँड्रीत इस्त्री करणारी ती बाई होती. वर्गात येऊन तिला जेमतेम तीन आठवडे झाले होते. आज अनाहत चक्रावर ध्यान सुरू असताना ती हाताच्या पाठीने नाक पुसत होती.

‘नाटकं,’ तो मनात म्हणाला आणि डोळा मिटून घेतला.

वर्ग टायरच्या दुकानावरच्या खोलीत भरायचा. भिंतीवर माणसाच्या आकृतीचा तक्ता होता, माकडहाडापासून टाळूपर्यंत सात कमळं. आचार्य छडी टेकवून शांतपणे समजावत. सगळ्यात खाली मूलाधार, तिथे भीती, पोटाची, मरणाची. त्याच्या वर स्वाधिष्ठान, तिथे हाव. बेंबीपाशी मणिपूर, तिथे मीपणा ठाण मांडून बसतो. छातीत अनाहत, तिथे माणसाला पहिल्यांदा दुसऱ्याचं दुखतं. कंठात विशुद्ध, तिथे पोचल्यावर खोटं बोलवत नाही. भुवयांच्या मध्ये आज्ञा, तिथे दिसायला लागतं. टाळूवरच्या सहस्राराबद्दल ते काहीच बोलत नसत.

“शिडी आहे ही,” ते म्हणत. “मधली पायरी गाळता येत नाही.”

दंतवैद्य अकरा वर्षं ती शिडी चढत होता. आपण सहाव्या पायरीवर उभे आहोत याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. खुर्चीत आ वासून बसलेल्या पेशंटकडे पाहावं तसा तो वर्गातल्यांकडे पाहायचा; वरून, आणि किडलेलं काय आहे ते शोधत. शिकवण्या घेणारा मास्तर ध्यानात घोरायचा. तो मूलाधार. दोघी मैत्रिणी डोळे उघडल्या उघडल्या चपलांच्या सेलबद्दल बोलायच्या. त्या स्वाधिष्ठान. एक बस ड्रायव्हर तर मागच्या वर्षी ध्यानातून उठला होता तो हसतच. आचार्यांशी दोन शब्द बोलून जिना उतरला, तो पुन्हा फिरकला नाही. बरं झालं, ब्याद गेली.

घरीही तेच.

“तुझं सगळं मूलाधारातच अडकलंय,” तो बायकोला म्हणायचा.

“असेल. तुम्ही सहाव्यावरून जरा खाली उतरा आणि तुमच्या आईंना फोन करा. चार दिवस वाट बघतायत.”

तो डोळे मिटून घ्यायचा. गाढवापुढे गीता वाचून काय उपयोग?

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर आचार्यांनी इस्त्रीवाल्या बाईला दाराशी थांबवलं. दंतवैद्य बुटाची नाडी बांधायला वाकला आणि नाडी बराच वेळ बांधत राहिला.

“काय झालं आज?” आचार्यांनी विचारलं.

“काही कळलं नाही हो. छातीत एकदम गरम वाटलं. वाटलं, बहिणीकडे जावं. नऊ वर्षं झाली, बोलत नाही आम्ही.”

“जाल?”

“आत्ताच निघालेय.”

“मग पुढच्या आठवड्यापासून इथे येऊ नका.”

 बाई चप्पल पायात सरकवून भराभरा जिना उतरून गेली.

दंतवैद्याला मनापासून बरं वाटलं. आचार्य बोलत नाहीत, पण गाळ बरोबर ओळखतात.

महिन्यातून एकदा आचार्य प्रत्येकाला आतल्या खोलीत बोलावून ध्यानात काय अनुभव आला ते विचारत. दंतवैद्याचं उत्तर तयार असायचं. भुवयांच्या मध्ये निळा ठिपका, त्याला सोनेरी कड, मग तो हळूहळू पसरतो. आचार्य ऐकून घेत आणि मान डोलवत. अकरा वर्षांत त्यांनी एकदाही उलट प्रश्न केला नव्हता. दंतवैद्याच्या लेखी ती पावतीच होती.

उन्हाळा संपता संपता आचार्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला. जिना चढणं जमेना. रविवारी वर्ग कुणाच्या तरी हाती सोपवतो, असं त्यांनी जाहीर केलं. दंतवैद्याने वाट पाहिली नाही. दवाखाना भाचीच्या स्वाधीन केला, पेशंटना तसं कळवून टाकलं.

“त्यांनी तुमचं नाव घेतलं नाही तर?” बायकोने विचारलं.

“दुसरं आहे कोण तिथे?”

“आणि घेतलं तर काय करणार?”

“लोकांना वर काढणार.”

“बापरे,” ती म्हणाली आणि भांडी घासायला वळली.

रविवारी खोली भरली. आचार्य खुर्चीत बसले होते. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, “आजपासून डॉक्टर शिकवतील.”

टाळ्या वाजल्या. मास्तरने तर उठून मिठी मारली. दंतवैद्याने आठवडाभर आरशापुढे बसवलेला नम्र चेहरा धारण केला आणि तो मास्तरच्या खांद्यावरून छताकडे पाहत राहिला.

सगळे गेले. आचार्यांनी खोलीची किल्ली काढून त्याच्या हातात दिली. आता चार चांगले शब्द कानावर पडावेत, म्हणून तो वाकून म्हणाला, “मी खरंच लायक आहे का?”

“तुमच्याइतकं लायक इथे कुणीच नाही.”

“कशावरून ओळखलंत?”

आचार्यांनी काठी उचलली, गुडघा चोळला आणि सावकाश उठून उभे राहिले.

“तीस वर्षं मी डोळे मिटतोय, डॉक्टर. अंधाराशिवाय काही दिसलं नाही. ज्यांना खरंच काही होतं त्यांना मी त्याच दिवशी निरोप देतो, त्यांना इथलं काही लागत नाही. वर्ग चालवायला मागे उरतात ते तुमच्यामाझ्यासारखे.”